नोबेल बंधूंची बखर आणि बाकूचे कागद

१/
एक भाऊ बंदुकांच्या दस्त्यांसाठी अक्रोडाचे लाकूड आणायला काकेशसात गेला आणि लाकडाचे पैसे तेलात घालून बसला. तेलाच्या इतिहासातील ही सर्वांत लाडकी गोष्ट. रॉबर्ट, लुडविग आणि आल्फ्रेड हे तीन स्वीडिश भाऊ, आणि कॅस्पियन समुद्राकाठी बाकू येथे उभी राहिलेली त्यांची घरची कंपनी. गोष्ट खरी आहे. तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र खोटा आहे. हा धागा त्या निष्कर्षाविरुद्ध.

२/
निष्कर्ष असा : घराणे एक, म्हणून दृष्टी एक, दृष्टी एक, म्हणून धीर मोठा, आणि धीर मोठा, म्हणून यश अटळ. मराठी वाचकाला हा प्रकार परका नाही. त्याला बखर म्हणतात. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींची झडती घेतली आणि अस्सल कागदांना अग्रमान दिला. तीच कसोटी पेशव्यांच्या घराण्याला लावायची आणि तेलाच्या घराण्याला माफ करायची, याला काही कारण नाही.

३/
पहिला प्रश्न : बाकूचे तेल नोबेलांनी 'शोधले' काय? बाकूजवळच्या सुराखानी येथे जमिनीतून निघणाऱ्या वायूच्या ज्वाळांभोवती अग्निमंदिर उभे आहे. त्याच्या भिंतींवर हिंदुस्थानी व्यापाऱ्यांनी व साधूंनी कोरविलेले देवनागरी आणि गुरुमुखी लेख आजही वाचता येतात. त्यांतील एका लेखाचा आरंभ गणेशवंदनेने होतो. नोबेलांच्या कितीतरी आधी या भूमीतील इंधनाची कीर्ती हिंदुस्थानपर्यंत पोहोचली होती.

४/
उद्योगाचा आरंभही त्यांचा नव्हे. १८४० च्या दशकात बीबी-हैबत येथे रशियन अधिकाऱ्यांनी यंत्राने विहीर खोदून पाहिली होती. १८५९ मध्ये कोकोरेव नावाच्या रशियन व्यापाऱ्याने याच सुराखानीत शुद्धीकरणाचा कारखाना घातला. १८६३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव तो पाहण्यास आला. तेलाचा सरकारी मक्ता मिर्झोएव या आर्मेनियन व्यापाऱ्याकडे होता. रॉबर्ट नोबेल १८७३ मध्ये पोहोचला, तेव्हा घर उभे होते. नुकते दार उघडले होते.

५/
ते दार कोणी उघडले? झारच्या सरकारने. १८७३ च्या आरंभी मक्त्याची जुनी पद्धत संपली आणि तेलाच्या जमिनी लिलावाने खासगी हातांत गेल्या. १८७७ मध्ये देशी रॉकेलवरील अबकारी कर उठला. त्याच वर्षी आयात मालावरील जकात सोन्यात भरण्याची सक्ती झाली, त्यामुळे अमेरिकन रॉकेल महागले. म्हणजे जमीन, करमाफी आणि संरक्षक जकात या तिन्ही गोष्टी सरकारी दप्तरातून आल्या. बखरीत त्यांची जागा 'योग्य वेळ साधली' या तीन शब्दांनी भरली जाते.

६/
आता लाकडाचे पैसे. रॉबर्टने ज्या सुमारे २५,००० रूबलांत बाकूचा छोटा कारखाना घेतला, ते लुडविगने अक्रोडाच्या खरेदीसाठी दिलेले होते. अक्रोड हवे होते रायफलींसाठी, आणि रायफली हव्या होत्या रशियन सैन्यास. लुडविग आणि तोफखान्यातील अधिकारी प्योत्र बिल्डरलिंग यांनी इझेव्हस्कचा सरकारी शस्त्रकारखाना चालविण्यास घेतला होता. तेलातील पहिली गुंतवणूक अशी लष्करी कंत्राटातून आली होती.

७/
त्याहून जुना कागद पाहू. या भावांचे वडील इमॅन्युएल नोबेल यांनी क्रिमियन युद्धात रशियन आरमारासाठी पाणसुरुंग तयार केले. युद्ध संपले, सरकारी मागणी आटली आणि १८५९ मध्ये त्यांचा कारखाना बुडाला. परंतु सावकारांनी त्याच कारखान्याचा कारभार मुलाच्या, लुडविगच्या, हाती सोपविला. दिवाळे निघाले तरी घराण्याची पत उरली. ही दुसरी संधी पुढच्या सगळ्या कथेचा पाया आहे.

८/
आता 'घरची कंपनी' कितपत घरची होती ते पाहू. १८७९ मध्ये स्थापन झालेल्या नोबेल बंधू कंपनीचे भांडवल ३० लाख रूबल. त्यात लुडविगचे १६ लाख १० हजार, आल्फ्रेडचे १ लाख १५ हजार आणि रॉबर्टचे १ लाख. एकट्या प्योत्र बिल्डरलिंगचे ९ लाख ३० हजार. झाबेल्स्की नावाच्या भागीदाराचे १ लाख ३५ हजार, म्हणजे आल्फ्रेडपेक्षा आणि रॉबर्टपेक्षाही अधिक.

९/
बेरीज केली तर तिघा भावांचे मिळून १८ लाख २५ हजार. उरलेले पावणेबारा लाख परक्यांचे. शंभरातले जवळजवळ चाळीस रूबल ज्या लोकांचे, त्यांची नावे पाटीवर नाहीत. आणि अक्रोडाच्या गोष्टीचा जो नायक, त्या रॉबर्टचा वाटा तिसावा. कंपनी स्थापन झाल्यावर लवकरच तो बाकू सोडून स्वीडनला परतला. पाटी मात्र 'बंधूं'चीच राहिली. नाव ही सुद्धा एक मालमत्ता असते. ती कोणाच्या वाट्याला गेली हे भांडवलाच्या यादीवरून कळते.

१०/
येथे प्रतिपक्षाचे म्हणणे मांडले पाहिजे, आणि ते दुबळे नाही. लुडविगने तेल पिंपांऐवजी जहाजाच्या टाक्यांतून नेण्याची योजना आखली; १८७८ मध्ये स्वीडनमध्ये बांधलेले 'झोरोआस्टर' हे जहाज जगातील पहिल्या यशस्वी तेलवाहू जहाजांत गणले जाते. पारशी ज्याला जरथुष्ट्र म्हणतात त्याचे ते नाव. पुढच्या जहाजांना बुद्ध, ब्रह्मा, डार्विन अशी नावे मिळाली. कर्मचाऱ्यांसाठी 'व्हिला पेट्रोलिया' ही वसाहत उभारली. तिच्या बागांसाठी माती आणि पाणी जहाजांनी आणले. समकालीन मालकांत नोबेल पुष्कळ बरे होते, हे मान्य केलेच पाहिजे.

११/
परंतु मान्य केल्यावरही प्रश्न उरतो. बालाखानीच्या विहिरींपासून शुद्धीकरण कारखान्यांच्या 'काळ्या शहरा'पर्यंत १८७८ मध्ये घातलेली तेलवाहिनी नोबेलांच्या नावावर जमा आहे. ती बांधून देणारा कंत्राटदार अलेक्झांडर बारी, आणि तिचा आराखडा करणारा पंचविशीतला अभियंता व्लादिमीर शुखोव. मॉस्कोतील शाबोलोव्काचा रेडिओ मनोरा ज्याने उभारला तोच हा. पैसा घालणाऱ्याचे नाव वस्तूला चिकटते आणि डोके चालविणाऱ्याचे नाव तळटीपेत जाते. 'घराण्याची प्रतिभा' म्हणून जे सांगितले जाते, त्यातील काही भाग पगारी प्रतिभा आहे.

१२/
या वाहिनीची किंमतही कोणीतरी मोजली. तोवर तेल 'अरबा' नावाच्या उंच चाकांच्या गाड्यांतून जात असे. गाडीवानांची आणि पिंपे बनविणाऱ्यांची रोजी एका नळाने संपविली. त्यांनी नळ फोडले. कंपनीने वाटेवर पहारे बसविले. बखरीत हे 'अडाणी विरोध' या सदरात येते. ज्याचा संसार गाडीवर चालतो, त्याला गाडीचा अंत कळण्यासाठी अभियांत्रिकी शिकावी लागत नाही.

१३/
धोका पत्करण्याचे शौर्य हे बखरीचे आवडते पान. तेथे १८८३ चा एक प्रसंग ठेवून पाहा. बालाखानीत 'द्रुझबा' नावाच्या विहिरीतून तेलाचे प्रचंड कारंजे उसळले. अमाप तेल वाहून गेले, शेजाऱ्यांच्या जागा तेलाने आणि वाळूने बुडाल्या, आणि भरपाईच्या दाव्यांनी तिच्या आर्मेनियन मालकांचे दिवाळे निघाले. तेल लागले म्हणून बुडालेले हे लोक! त्यांना ना सावकारांनी दुसरी संधी दिली, ना कोणी त्यांची बखर लिहिली.

१४/
विहिरीच्या तळाशी उतरणाऱ्यांचे काय? इराणी अझरबैजानातून आणि दागेस्तानातून आलेले मजूर, त्यांच्या जोडीला आर्मेनियन आणि रशियन कामगार. डिसेंबर १९०४ च्या सार्वत्रिक संपानंतर बाकूच्या तेलमालकांनी कामगारांशी करार केला. रशियातील तो पहिला सामूहिक करार मानला जातो. त्यात नऊ तासांचा दिवस मिळाला. या उद्योगाने तोवर ऐश्वर्याची तीस वर्षे पाहिली होती. १९०५ मध्ये आर्मेनियन आणि मुस्लिम वस्त्यांत कत्तली झाल्या, तेलक्षेत्रे पेटली. मेलेल्यांत मालक विरळा.

१५/
आल्फ्रेड १८९६ मध्ये निवर्तला. त्याच्या संपत्तीत बाकूच्या कंपनीचे समभागही होते. नातलगांतील अनेकांना मृत्युपत्र नको होते. लुडविगचा मुलगा इमॅन्युएल, जो तेव्हा कंपनीचा प्रमुख होता, मृत्युपत्राच्या बाजूने उभा राहिला आणि ते समभाग विकत घेण्याची व्यवस्था त्याने केली. हे त्याचे मोठेपण निर्विवाद. पण पारितोषिकाची चर्चा होते तेव्हा फक्त डायनामाइटचा धूर दिसतो. त्या निधीला बाकूच्या तेलाचाही वास आहे, हे विसरले जाते.

१६/
घराणी भावनेने धंद्याला चिकटून राहतात, हा समज तर आणखी कच्चा. बाकूच्या तेलात १८८६ पासून पॅरिसचे रॉथ्सचाइल्ड घराणेही होते. त्यांचेच रॉकेल बातुमी बंदरातून लंडनच्या सॅम्युएल बंधूंच्या 'म्युरेक्स' जहाजाने १८९२ मध्ये सुएझमार्गे पूर्वेकडे आले. महाराष्ट्रातल्या घरांत चिमणी आणि कंदील पेटविणारे 'रॉकेल', इंग्रजी 'रॉक ऑइल'चे हे मराठी रूप, अशाच व्यापाराची खूण. सॅम्युएलांच्या पेढीतून पुढे शेल कंपनी निघाली. रॉथ्सचाइल्डांनी १९११-१२ च्या सुमारास आपला रशियन धंदा शेल समूहाला देऊन त्याचे समभाग घेतले. क्रांती आली तेव्हा त्यांचे विहिरींशी काही नाते उरले नव्हते.

१७/
आणि नोबेल? एप्रिल १९२० मध्ये लाल सेना बाकूत शिरली. मागोमाग तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले. विहिरी गेल्या. तरीही जुलै १९२० मध्ये नोबेलांनी कंपनीतील निम्मा हिस्सा न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलला विकला. ताब्यात नसलेल्या विहिरींचे कागद लाखो डॉलरांना गेले. बोल्शेविक टिकणार नाहीत असा घेणाऱ्यांचा कयास होता. तो चुकला, विकणाऱ्यांना मात्र पैसे मिळाले.

१८/
त्याच वर्षी बाकूचा झैनलआब्दीन तागीयेव, चांभाराचा मुलगा, ज्याने तेलाच्या पैशातून मुस्लिम मुलींची शाळा काढली, त्याचा वाडाही जप्त झाला. तो १९२४ मध्ये मर्दाकानच्या घरात वारला. विहिरीत उतरणाऱ्या मजुराकडे तर विकण्यासारखा कागदच नव्हता. एकाच क्रांतीत सगळे बुडाले असे म्हणणे सोपे आहे. बुडताना कोणाच्या हातात काय होते, हे पाहणे म्हणजे इतिहास.

१९/
म्हणून यापुढे कोणत्याही तेलघराण्याची, किंवा कोणत्याही उद्योगघराण्याची, स्फूर्तिकथा कानी आली की तीन कागद मागावेत. जमीन आणि सवलत कोणी दिली? भांडवलाच्या यादीत पाटीबाहेरची नावे किती? आणि तोटा झाला तेव्हा तो कोणाच्या अंगावर पडला? तिन्ही उत्तरे घराण्याच्या बाजूने निघाली तर खुशाल आरती करावी. बाकूच्या बाबतीत ती निघत नाहीत.

२०/
नोबेल बंधू कर्तबगार होते, यात वाद नाही. वाद इतकाच की, त्यांच्या कर्तबगारीचा हिशेब लिहिताना सरकार, भागीदार, अभियंते, गाडीवान आणि मजूर यांना खर्चाच्या बाजूला टाकून सगळी जमा एका आडनावावर मांडायची, ही लबाडी आहे. बखरकाराने ती धन्यासाठी केली. त्याला निदान धन्याचे अन्न तरी मिळत होते. आजचा तरुण इतिहासप्रेमी ती फुकट का करतो, याचे उत्तर ज्याचे त्याने शोधावे.