धाकट्या भावाचे दहा गोल

२४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेर येथे सचिन तेंडुलकर यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा काढल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील ते पहिले द्विशतक. त्या दिवशी 'कॅप्टन रूपसिंग स्टेडियम' हे नाव मराठी घराघरांत पोहोचले. हे रूपसिंग कोण, असा प्रश्न मात्र फार थोड्यांना पडला असेल.

रूपसिंग क्रिकेटचे नव्हे, हॉकीचे खेळाडू. त्यांचा जन्म १९०८ साली जबलपूर येथे झाला. वडील सैन्यात होते. पुढे कुटुंब झाशीस स्थिरावले. थोरले बंधू ध्यानचंद. रूपसिंग यांची ओळख या नात्यापासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. हा त्यांच्यावर अन्याय आहे.

१९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ असे हरवले. अमेरिकेविरुद्धच्या २४ गोलांपैकी १० रूपसिंग यांचे आणि ८ ध्यानचंद यांचे होते. दोन्ही सामने मिळून धाकट्याचे १३, तर थोरल्याचे १२ गोल झाले. अर्थात त्या स्पर्धेत संघ तीनच होते आणि अमेरिकेचा संघ अगदीच नवखा होता. तेव्हा केवळ या आकड्यांवरून मोठेपणा ठरवणे योग्य नव्हे.

खरी गोष्ट रूपसिंग यांच्या जागेत आहे. त्या काळी आघाडीच्या फळीत पाच खेळाडू असत. ध्यानचंद मध्यभागी खेळत. रूपसिंग त्यांच्या लगत डाव्या बाजूला, म्हणजे 'इनसाइड लेफ्ट'. या जागेवरच्या खेळाडूचे काम दुहेरी असते. मागून आलेला चेंडू पुढे न्यायचा, प्रतिस्पर्धी बचावपटूंना आपल्याकडे ओढून घ्यायचे, मधल्या खेळाडूस वाट मोकळी करून द्यायची, आणि संधी मिळताच स्वतःही गोल करायचा. यातील शेवटचे तेवढे धावफलकासारखे फलकावर चढते; बाकीच्याची नोंद कोणी ठेवत नाही. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिकपूर्वीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला हरवले होते. त्याच जर्मनीला अंतिम सामन्यात भारताने ८-१ असे नमवले, तेव्हा हे दोघे बंधू आघाडीस शेजारी शेजारी होते. रूपसिंग आपल्याहून सरस आहेत, असे ध्यानचंद म्हणत असल्याचे सांगतात. भावाने केलेले कौतुक म्हणून ते बाजूला ठेवले, तरी शेजारच्या जागेवरून इतका खेळ दुसऱ्या कोणी पाहिला असेल?

ध्यानचंद यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. २०२१ पासून देशाचा सर्वोच्च क्रीडा पुरस्कारही त्यांच्या नावाने दिला जातो. हा मान सर्वस्वी योग्य आहे. थोरल्याच्या कीर्तीतून काही वजा न करताही धाकट्याची स्वतंत्र नोंद घेता येते. २०१२ मध्ये लंडनने ऑलिंपिकनिमित्त भुयारी रेल्वेच्या नकाशावर स्थानकांना ऑलिंपिकवीरांची नावे दिली, त्यांत दोघेही बंधू होते.

रूपसिंग यांचे १९७७ मध्ये निधन झाले. त्यांच्या नावाचे ग्वाल्हेरचे मैदान मुळात हॉकीचे. पुढे तेथे क्रिकेट आले. तेंडुलकरांच्या द्विशतकानंतर पुरुषांचा एकही आंतरराष्ट्रीय सामना तेथे झाला नाही. २०२४ मध्ये शहरात असे सामने परतले ते नव्या मैदानावर, आणि त्याचे नाव वेगळे आहे.