चौकटी कंस आधी, की नव्या मेथड?

डहाणूहून किनाऱ्याच्या रस्त्याने बोर्डीकडे निघालं की ओळीने गावं लागतात: नरपड, चिखले, घोलवड. डहाणू ते बोर्डी ही पाच नावं जावास्क्रिप्टमध्ये मांडली की झाला ॲरे, आणि त्याला ‘गावे’ असं देवनागरी नावही चालतं. मोजणी शून्यापासून, म्हणून तिसरं चिखले मिळतं ते गावे[2] लिहिल्यावर. नाव देवनागरी चालतं, अंक मात्र नाही. गावे[२] लिहिलं तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. मराठी माध्यमातल्या मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

वाद पुढचा आहे. नवशिक्यांना आधी चौकटी कंस शिकवावेत, की ॲट आणि विथ या नव्या मेथड?

कंसांची बाजू भक्कम आहे. वाचायला गावे[2], आणि कुणी ‘चिखली’ टाइप केलं असेल तर दुरुस्तीलाही गावे[2] = "चिखले". तऱ्हा एकच. पण जावास्क्रिप्ट चुकीला टोकत नाही. बोर्डीपुढे झाई जोडायची तर इंडेक्स 5 हवा. घाईत 6 पडला, की मधे गुपचूप भोक राहतं आणि लांबी सहाऐवजी सात होते. शेवटचं गाव म्हणून गावे[-1] मागितलं (पायथॉन शिकून आलेले हटकून मागतात), तर हाती अनडिफाइन्ड. तिथे काही ठेवायला गेलात तर त्याहून वाईट: ते ‘-1’ नावाच्या प्रॉपर्टीत जाऊन बसतं आणि बोर्डी जागच्या जागी.

२०२२ मध्ये आलेलं ॲट -1 वर बरोब्बर बोर्डी देतं, पण ते फक्त वाचण्यापुरतं. २०२३ चं विथ मूळ ॲरेला हात न लावता बदललेली प्रत देतं आणि बाहेरचा इंडेक्स दिला तर सरळ एरर फेकतं. शिकताना असा खडूसपणा बराच. मात्र ती प्रत कुठे ठेवली नाही, तर बदल गेला कुठे हे शोधत बसावं लागतं. शिवाय जुन्या फोनमधल्या ब्राउझरला विथ ठाऊकच नसतं.

माझा कौल कंसांना. अट एवढीच, की प्रत्येक बदलानंतर ॲरे कन्सोलवर छापून बघायचा. भोकही दिसतं आणि भरकटलेलं ‘-1’ही. ॲट लगेच द्यावं. विथला घाई नाही: एकच ॲरे दोन नावांनी धरला की एकीकडचा बदल दुसरीकडेही दिसतो, हे मुलांनी स्वतः करून पाहिल्यावर ते शिकवावं.