फूटपाथवर सायकल : पावती कुणाची फाडायची, जाब कुणाला विचारायचा?

संध्याकाळी पाचच्या सुमारास टिळकवाडीच्या रेल्वे गेटपाशी पाच मिनिटं उभं राहून बघा. गेट पडलेलं असतं, रस्त्यावर गाड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि ज्याला फट दिसेल तो दुचाकी थेट फूटपाथवर चढवतो. त्याच्या मागून दुसरा, तिसरा. त्यांच्यातच दप्तर पाठीला लावून सायकल मारणारा एखादा शाळकरी पोरगाही असतो. समोरून भाजीची पिशवी घेऊन येणाऱ्या आजीबाई भिंतीला टेकून उभ्या राहतात. वर "ओ मावशी, जरा बाजूला" हेही त्यांनाच ऐकावं लागतं. जागा त्यांची आणि बाजूलाही त्यांनीच व्हायचं.

हे फक्त बेळगावचं नाही. म्हापसा असो, बडोद्याचा दांडिया बाजार असो, हैदराबादचा सुलतान बाजार असो, फूटपाथवर चालणारा माणूस सगळीकडे अंग चोरूनच चालतो. बेंगळुरूत वाहतूक पोलिसांनी फूटपाथवरून गाड्या हाकणाऱ्यांविरुद्ध मोहिमा घेतल्या. अशी मोहीम निघाली की एक प्रश्न हमखास येतो. स्कूटरवाल्याची पावती फाडता, मग सायकलवाल्याला का सोडता? नियम सगळ्यांना सारखा नको का?

प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्याआधी कायदा काय म्हणतो ते पाहू.

फूटपाथवर वाहन चालवायला बंदी नवीन नाही. १९८९ च्या रस्ता नियमांत ती स्पष्ट लिहिलेली होती आणि २०१७ च्या नियमावलीतही ती राहिली. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, तेव्हा या नियमावलीच्या भंगासाठी ५०० ते १,००० रुपये दंडाचं कलमही आलं. म्हणजे कायदा कमी पडतोय असं नाही. पण हा सगळा कारभार मोटार वाहनांचा आहे. साधी सायकल या कायद्याच्या व्याख्येत वाहनच नाही. तिला नंबर नाही, चालवणाऱ्याला लायसन्स नाही. कॅमेऱ्याने फोटो काढला तरी चलन पाठवणार कुठल्या पत्त्यावर?

याचा अर्थ सायकलवाल्याला सगळं माफ, असा मात्र नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवण्याबद्दल आहे आणि ते इंजिनापुरतं मर्यादित नाही. सायकलने म्हातारीला पाडलं, तर गुन्हा होऊ शकतो. मग अडतंय कुठं? अडतंय ते निवडीत. पोलीस थोडे, चौक जास्त. कारवाई कुणावर आधी करायची, हे ठरवावंच लागतं.

आता आकडे बघा. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ३२,८२५ पादचारी होते. जवळपास दर पाचांतला एक. रोजचा हिशेब काढला तर नव्वदच्या आसपास माणसं नुसती रस्त्यानं चालताना मरतात. बहुतेकांना मारतं ते इंजिनाचं वाहन. फूटपाथ नाही किंवा अडलेला आहे म्हणून माणूस रस्त्यावर उतरतो आणि तिथं गाडी येऊन धडकते. सायकलवालाही त्याच रस्त्यावर, त्याच गाड्यांसमोर असतो. तो फूटपाथवर चढतो तो बहुतेकदा मस्तीत नाही, भीतीनं.

आणि आपल्याकडे सायकल चालवतो कोण? रविवारी हेल्मेट घालून चोर्ला घाट चढणारे हौशी वेगळे. रोजची सायकल असते ती शाळेच्या पोरांची, रात्रपाळीच्या वॉचमनची, पेपर टाकणाऱ्याची, आजूबाजूच्या खेड्यांतून कामाला येणाऱ्या गवंड्याची. त्यांच्या खिशातून पाचशे गेले तर त्या दिवसाची निम्मी हजेरी गेली. शिवाय पोलिसांना हे गिऱ्हाईक सोपं असतं. स्कूटरवाला सुसाट निघून जातो, सायकलवाला हात केला की थांबतो. आपल्या मागच्या पिढीला हे चांगलं आठवतं. सायकलला पालिकेचा बिल्ला नाही, रात्री दिवा नाही, डबलसीट बसलाय, एवढ्यावरून पोलीस चाकातली हवा सोडायचे. त्या काळात ट्रकवाल्याची हवा सोडल्याचं कुणी सांगत नाही.

बाहेरच्या देशांतही हा वाद जुनाच आहे. इंग्लंडमध्ये फूटपाथवर वाहन नेण्याला १८३५ च्या कायद्यापासून बंदी आहे आणि पुढे ती सायकलीलाही लागू झाली. १९९९ ला तिथं जागेवर दंड करण्याची सोय आली, तेव्हा गृहखात्याचे मंत्री पॉल बोटेंग यांनी सोबत खुलासाही केला : वाहतुकीच्या भीतीनं कधी फूटपाथवर येणाऱ्या आणि इतरांची काळजी घेणाऱ्या सायकलस्वारांसाठी हा दंड नाही, पोलिसांनी तारतम्य ठेवावं, विशेषतः मुलांच्या बाबतीत. जपानची वाट वेगळी. मोटारी वाढल्या तेव्हा, १९७० च्या दशकात, तिथं सायकलींना बऱ्याच ठिकाणी फूटपाथवर जायची मुभा दिली गेली. माणसांना त्याची सवय लागली आणि आता ती मोडायला सरकारला दंडाची नवी पद्धत आणावी लागली. तरीही १३ वर्षांखालची मुलं आणि ७० च्या पुढचे वृद्ध यांना सवलत आहेच. दोन्ही देशांकडून एकच धडा घ्यायचा. फूटपाथ सायकलीला देऊन टाकला की चालणारा कायमचा हरतो आणि सरसकट दंड लावला की मुलं आणि म्हातारी माणसं भरडली जातात.

मग फूटपाथवर चालणाऱ्यांचं काय? त्यांची तक्रार खरी आहे आणि ती टाळता येत नाही. सत्तरीच्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं, तर धडक स्कूटरची होती की सायकलची, यानं तिला काय फरक पडतो? कित्येक घरांत असं पडणं म्हणजे त्या माणसाचं बाहेर हिंडणं-फिरणं कायमचं संपणं. म्हणून सायकलवाल्याची मजबुरी मान्य केली तरी चालणाऱ्याचा हक्क पहिला. फूटपाथवर यायचंच असेल तर उतरा आणि सायकल हातात धरून चाला. घंटी वाजवून माणसांना बाजूला सारायचा अधिकार कुणालाच नाही.

त्यामुळे आमचं म्हणणं असं. इंजिनाची गाडी फूटपाथवर दिसली तर समज देणं बास झालं, थेट पावती. फूटपाथवर गाडी लावून जाणाऱ्यालाही तेच, कारण त्याच्यामुळेच माणूस रस्त्यावर उतरतो. सायकलवाला असेल तर आधी उतरायला लावा. ऐकत नसेल, वेगात असेल, कानाला फोन असेल किंवा कुणाला धक्का लागला असेल, तर कारवाई करा. शाळकरी मुलाला दंड नको, त्याच्या शाळेत जाऊन सांगा.

यात मधला एक प्रकार नीट ओळखायला हवा. २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली विजेची दुचाकी आपल्या नियमांत मोटार वाहन धरत नाहीत. ना नंबर, ना लायसन्स. पार्सल पोचवणारी बरीच पोरं अशाच गाड्यांवर आहेत. कागदावर ती सायकलीसारखी मोकळी, पण फूटपाथवर तिचं वजन आणि वेग स्कूटरचाच. तिला सायकलीची सवलत देता कामा नये. पोरांना दहा-पंधरा मिनिटांत पोचायची घाई लावणाऱ्या कंपन्यांनाही नोटीस जायला हवी.

आणि आता मुख्य मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ ला सांगितलं की चालण्याजोगा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्या खंडपीठातले न्या. अभय ओक मूळचे ठाण्याचे. मुंबई उच्च न्यायालयात असताना २०१५ ला आणि कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना २०१९ ला त्यांच्या खंडपीठांनी चांगल्या रस्त्यांबद्दल आणि फूटपाथांबद्दल हेच सांगितलं होतं. मुंबई, बेंगळुरू, दिल्ली, तीन ठिकाणी एकच गोष्ट. सीमेच्या या बाजूला राहा की त्या बाजूला, हक्क तोच आहे. आणि हा हक्क मागायचा तो सायकलवाल्याकडं नाही, महापालिकेकडं.

बेळगाव जानेवारी २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं, पुणे, सोलापूर आणि इंदूरसोबत. रस्ते खोदले गेले, फरशा बसल्या. पण इंडियन रोड्स काँग्रेसचा साधा निकष सांगतो की फूटपाथ किमान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट मोकळा हवा आणि त्याची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको. विजेचे डीपी, दुकानांच्या पायऱ्या, जाहिरातींचे खांब सोडून सहा फूट कुठं उरतात, ते आपल्या गल्लीत टेप लावून बघा. हैदराबादच्या बाह्य वळणरस्त्यालगत २०२३ ला २३ किलोमीटरचा सोलर छताचा सायकल ट्रॅक झाला. छान आहे. पण सुलतान बाजारात कामाला जाणाऱ्याची सायकल त्या ट्रॅकवरून जात नाही.

म्हणून पोलिसांच्या मोहिमेला आणखी एक काम जोडा. ज्या जागी रोज सायकली फूटपाथवर चढतात, त्या जागांची नोंद करा आणि दर महिन्याला यादी महापालिकेकडं पाठवा. एकाच ठिकाणी रोज पन्नास माणसं नियम मोडत असतील, तर ती सगळी पन्नास माणसं बेशिस्त नसतात, तिथला रस्ता चुकलेला असतो. ती यादी वॉर्डाच्या नगरसेवकानं सभागृहात मांडावी आणि त्यावर काय केलं ते लोकांना सांगावं.

पावती फाडल्यानं सायकलवाला उद्या दुसऱ्या गल्लीतून जाईल. रेल्वे गेटपाशी भिंतीला टेकलेल्या आजीबाईंना मात्र सहा फूट मोकळी जागाच हवी आहे, आणि ती देण्याचं काम महापालिकेचं आहे.