आधी करार दाखवा, मग कर्ज काढा

अटलांटाच्या उत्तरेला, हायवे 400 च्या दोन्ही अंगांना घरं घेऊन राहिलेल्या आणि दरवर्षी मालमत्ता कर भरणाऱ्या लोकांच्या बाजूनं हा इशारा आहे. तो फोर्साइथ काउंटीच्या कमिशनरांना आहे, शेजारच्या आल्फारेटाच्या नगर परिषदेला आहे, प्रकल्पाची रंगीत चित्रं घेऊन फिरणाऱ्या बिल्डरांना आहे, आणि न्यूयॉर्कमध्ये बसून या सगळ्यांची शर्यत बघणाऱ्या नॅशनल हॉकी लीगलाही आहे. बर्फावरच्या हॉकीचा व्यावसायिक संघ तिसऱ्यांदा अटलांटात आणायचा घाट घातला जातोय. खुशाल आणा. पण त्यासाठी आमच्या नावावर कर्जरोखे काढणार असाल, तर सगळा करार आधी आमच्यासमोर ठेवा आणि त्यावर मतदान घ्या. ते जमत नसेल तर पुढच्या निवडणुकीनंतर त्या खुर्चीवर तुम्ही नसाल.

पहिला संघ, अटलांटा फ्लेम्स, 1972 साली आला आणि 1980 साली कॅनडातल्या कॅलगरीला गेला. दुसरा, अटलांटा थ्रॅशर्स, 1999 साली आला आणि 2011 साली कॅनडातल्याच विनिपेगला गेला. तेव्हापासून एक वाक्य टेपरेकॉर्डरसारखं वाजतंय: दक्षिणेत हॉकी चालत नाही. चालेल कशी? थ्रॅशर्सनी आपल्या सगळ्या आयुष्यात एकदाच, 2007 साली, बाद फेरी गाठली आणि न्यूयॉर्क रेंजर्सकडून चारही सामने हरून परत आले. मालकमंडळी त्या काळात खेळाडू शोधण्यापेक्षा एकमेकांविरुद्ध कोर्टात उभी राहण्यात जास्त गुंतली होती. इल्या कोवालचुकसारखा गोल करणारा माणूस 2010 साली दुसऱ्या संघाला देऊन टाकला. असा संघ बघायला कोण जाणार? दोष प्रेक्षकांच्या माथी मारला, आणि मालक मोकळे झाले.

लीगचं यात काय गेलं? थ्रॅशर्सना जन्म देताना लीगनं 8 कोटी डॉलर प्रवेशशुल्क घेतलं होतं. संघ विनिपेगला गेला तो 17 कोटी डॉलरच्या व्यवहारात, आणि त्यातले 6 कोटी हे स्थलांतराचं शुल्क म्हणून लीगकडे गेले. म्हणजे येतानाही पावती फाडायची आणि जातानाही. पुढे 2017 साली लास वेगस आत आलं ते 50 कोटी देऊन, 2021 साली सिएटल आलं ते 65 कोटी देऊन. ही रक्कम आधीच्या मालकांमध्ये वाटली जाते. खेळाडूंबरोबर वाटून घ्यायच्या उत्पन्नात ती धरत नाहीत. नव्या बाजारपेठेची लीगला एवढी ओढ का, याचं निम्मं उत्तर या पावतीपुस्तकात आहे. उरलेलं निम्मं टीव्हीच्या पैशात. खेळाचा प्रसार हे कारण पत्रकार परिषदेपुरतं.

आता अ‍ॅरिझोनाचं प्रकरण नीट वाचा. कमिशनर महोदय, तुम्ही तर दोनदा वाचा.

विनिपेगचा जुना संघ 1996 साली फिनिक्सला नेला. वाळवंटात बर्फ हा विनोद सोडून द्या. यंत्रं आहेत, बर्फ कुठेही होतो. अडचण इमारतीची होती. तिथलं अरेना बास्केटबॉलसाठी बांधलेलं. हॉकीचा पट्टा त्याहून बराच लांब लागतो. मग एका टोकाच्या वरच्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसाला जवळचा गोल दिसायचाच नाही. पैसे मोजून आलेला प्रेक्षक गोल झाला की नाही हे समोरच्या लोकांच्या आरडाओरड्यावरून ओळखायचा. म्हणून नवी जागा शोधली, आणि ग्लेनडेल नावाच्या पश्चिमेकडच्या उपनगरानं हात वर केला. साधारण सव्वादोन लाख वस्तीच्या त्या गावानं अरेनासाठी 18 कोटी डॉलर घातले. डिसेंबर 2003 मध्ये दारं उघडली. हॉकीची तिकिटं घेणारा सधन वर्ग मात्र दुसऱ्या टोकाला, पूर्वेला स्कॉट्सडेलकडे राहत होता. आठवड्याच्या मधल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर अख्खं शहर ओलांडून सामन्याला जाणार कोण?

मे 2009 मध्ये संघाचं दिवाळं निघालं. जिम बाल्सिली या कॅनडाच्या उद्योगपतीनं तो विकत घेऊन हॅमिल्टनला न्यायची तयारी दाखवली, लीगनं कोर्टात जाऊन ते हाणून पाडलं आणि संघ स्वतःच विकत घेतला. इथपर्यंत ग्लेनडेलवाल्यांना लीग तारणहारच वाटली असेल. पण त्यानंतर तोटा भरून काढायला लीगनं कोणाकडे हात पसरला? ग्लेनडेलकडेच. अरेना चालवण्याच्या नावाखाली एका वर्षी अडीच कोटी डॉलर, पुढच्या वर्षी पुन्हा अडीच कोटी. मंदीचा काळ, गावाच्या तिजोरीत खडखडाट, आणि चेक फाटतोय हॉकीसाठी. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसा हा कारभार. 2013 साली नव्या मालकांशी वर्षाला दीड कोटीचा पंधरा वर्षांचा करार झाला. दोनच वर्षांत नगर परिषदेनं तो मोडीत काढला. डिसेंबर 2021 मध्ये तर गावानं संघाला लेखी नोटीस दिली: थकलेला कर आणि देणी अमुक तारखेपर्यंत भरा, नाहीतर दाराला कुलूप. ज्यांच्यासाठी इमारत बांधली त्यांनाच इमारतीबाहेर काढायची पाळी आली. पैसे लगेच भरले गेले. चूक माणसाच्या हातून झाली म्हणे!

पुढे संघ टेम्पीला गेला आणि अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या जेमतेम पाच हजार लोक मावतील अशा रिंकवर खेळू लागला. इतर संघ सतरा-अठरा हजारांसमोर खेळत होते. टेम्पीत कचराभूमीच्या 46 एकरांवर नवं अरेना, हॉटेलं, घरं असा दोन अब्जांहून मोठा आराखडा आला. टेम्पीच्या नगर परिषदेनं एक शहाणपण केलं, विषय मतदारांपुढे ठेवला. 16 मे 2023 ला लोकांनी तिन्ही प्रस्ताव फेटाळले. एप्रिल 2024 मध्ये संघाचं चंबूगबाळं सॉल्ट लेक सिटीला हललं. व्यवहार 120 कोटी डॉलरचा. त्यातले 100 कोटी मालकाला आणि 20 कोटी लीगच्या बाकीच्या मालकांना. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या या फरफटीत ज्याचा खिसा फाटला तो फक्त ग्लेनडेलचा करदाता. आणि टेम्पीचं काय बिघडलं? काहीही नाही. नको म्हणणाऱ्या गावाच्या डोक्यावर कर्ज नाही.

सॉल्ट लेकमध्येही गाडी त्याच वळणावर आली. अरेनाचं नूतनीकरण आणि आसपासचा विकास यासाठी शहरानं विक्रीकर अर्ध्या टक्क्यानं वाढवला, 90 कोटी डॉलरपर्यंत उभे करण्यासाठी. तिथल्या दुकानात खरेदी करणारा माणूसही आता हॉकीचा भागीदार आहे. नफ्यात मात्र नाही.

संघ हातात नसताना इमारत बांधणाऱ्यांची गत तर आणखी वाईट. बाजारात तुरी, तसं. कॅनडातल्या क्यूबेक शहराचा संघ 1995 साली कोलोरॅडोला गेला आणि गेल्या गेल्या पहिल्याच वर्षी स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला; त्या शहराची ही जखम अजून भरलेली नाही. तिचा फायदा घेऊन सरकारी पैशातून साधारण 37 कोटी कॅनडियन डॉलरचं अरेना उभं केलं, 2015 साली उघडलं. संघ आलाच नाही. 2024 साली लॉस एंजेलिसचा संघ तिथे दोन सराव सामने खेळायला आला, तेही प्रांत सरकारनं पदरचे पैसे मोजल्यावर. कॅन्सस सिटीनं 2007 साली अरेना उघडलं. त्याचा उपयोग पिट्सबर्गच्या मालकांनी केला. 'आम्ही तिकडे जाऊ' अशी हूल दिली आणि पिट्सबर्गकडून नवं अरेना पदरात पाडून घेतलं. जायचं मनात नव्हतं, दबाव टाकायचा होता, हे त्या मालकांपैकी एक, मारिओ लेम्यू, यानं नंतर हसत हसत सांगितलं. आज आल्फारेटा आणि फोर्साइथ एकमेकांकडे बघून बोली वाढवत असतील, तर यातलं कॅन्सस सिटी कोण होणार याचा विचार दोघांनी आजच करावा.

आता मुद्दाम एक कबूल करतो, कारण नाहीतर बिल्डरांचे लोक तेच उत्तर म्हणून फेकतील. उष्ण प्रदेशात हॉकी रुजते. टँपानं तीन वेळा स्टॅनले कप नेला. फ्लोरिडानं 2024 आणि 2025 असा लागोपाठ नेला. वेगसनं सहाव्या हंगामात जिंकला. नव्या खेळाडूंच्या 2016 च्या निवडीत पहिला उचललेला ऑस्टन मॅथ्यूज स्कॉट्सडेलमध्ये वाढला, ज्या संघाची वर चिरफाड केली त्याचेच सामने बघत. नॅशव्हिलचे लोक बर्फावर मेलेले कॅटफिश फेकून आनंद साजरा करतात, आणि 2007 साली संघ हॅमिल्टनला चालला होता तेव्हा याच लोकांनी हंगामाची तिकिटं विकत घेऊन तो थोपवला. तेव्हा खेळाशी आमचं भांडण नाही. पण वेगसचं अरेना खाजगी पैशातून उभं राहिलं. सिएटलच्या जुन्या इमारतीचं अब्जावर डॉलरचं नवीकरणही खाजगी पैशातून झालं. धंदा इतका खात्रीचा आहे, तर बँकेत जा. आमच्याकडे का?

जॉर्जियात याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. केनेसॉ स्टेट विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ जे. सी. ब्रॅडबरी यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर या विषयावरच्या कित्येक दशकांच्या संशोधनाचा आढावा घेतला आहे. सार्वजनिक पैशातून बांधलेली स्टेडियमं त्या खर्चाच्या तोडीचा फायदा गावाला देत नाहीत, हा त्याचा निष्कर्ष. आणि शेजारच्या कॉब काउंटीत काय घडलं ते तर सगळ्यांनी पाहिलं. ब्रेव्हज या बेसबॉल संघाच्या स्टेडियमचा विषय मे 2014 मध्ये सभेत आला. बोलायला बारा जणांना परवानगी. समर्थक आधीच येऊन रांगेत उभे, बाराच्या बारा जागा त्यांच्या. विरोधकांना बोलू दिलं नाही; हट्ट धरणाऱ्यांना पोलिसांनी बाहेर काढलं. हा सौदा घडवून आणणारे अध्यक्ष टिम ली जुलै 2016 मध्ये स्वतःच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत पडले. कमिशनर महोदय, ही आठवण धमकी समजलात तरी चालेल.

तेव्हा आमच्या अटी ऐका. करार, त्याची सगळी परिशिष्टं, कर्जफेडीचं वेळापत्रक आणि विक्रीकराचे अंदाज मतदानाआधी किमान दोन महिने लोकांसाठी खुले करा. उन्हाळी सुट्टीत, मंगळवारच्या दुपारी, गुपचूप नाही. कर्जरोखे फिटेपर्यंत संघ हलणार नाही, आणि हललाच तर उरलेलं सगळं कर्ज मालक एकरकमी भरेल, हे कलम त्यात हवं. मालकाच्या सुटकेचं कुठलंही 'तोटा झाल्यास' छापाचं कलम नको. ग्लेनडेलच्या 2013 च्या करारात ते होतं. स्थलांतराचं शुल्क लीग घेणार असेल तर त्यात गावाचा वाटा हवा, आणि त्यावर लीगची सही हवी. उत्पन्नाचे अंदाज चुकले तर खड्डा मालमत्ता करातून भरणार नाही, हे शब्दांत लिहा. आणि शेवटी टेम्पीसारखं सार्वमत घ्या. यातली एक अट गाळलीत, तर बाकीच्यांना आम्ही मान्यता दिली असं समजू नका.

आता आपल्या लोकांशी दोन शब्द. दक्षिण फोर्साइथ, जॉन्स क्रीक, आल्फारेटा या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत. शाळा चांगल्या म्हणून इथे आलो, गणपती-दिवाळी इथेच करतो, पण काउंटीच्या सभेला जायचं म्हटलं की आपल्याला काम आठवतं. अनेकांना मत नाही; एच-वन व्हिसावर आहेत किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत. घराचा कर मात्र तुम्हीही भरता, आणि बोलायला नागरिकत्व लागत नाही. सभेच्या दिवशी लवकर जा, नाव नोंदवा. ज्यांना मत आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की फोर्साइथमध्ये कमिशनर कोण होणार हे नोव्हेंबरात ठरत नाही. ते मे महिन्यातल्या प्राथमिक निवडणुकीत ठरतं, आणि जॉर्जियात त्या दिवशी कुठल्याही पक्षाची मतपत्रिका मागता येते. मेमध्ये मत द्या.