इमारतीला चंदा मिळतो, पगाराला नाही

३१ मे २०२४ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज कायमचं बंद झालं. १८५६ साली सुरू झालेली, मेथडिस्ट चर्चशी नातं असलेली ही संस्था. त्याच दिवशी कॉलेजचा बेसबॉल संघ ओहायोत राष्ट्रीय स्पर्धेतला सामना खेळत होता. जर्सीवर ज्या कॉलेजचं नाव होतं, ते कॉलेज उरलेलंच नव्हतं. ही बातमी तिकडे खूप गाजली. मला मात्र बेसबॉलपेक्षा कॉलेजच्या हिशेबवहीत जास्त रस आहे. त्या वहीतली गोष्ट आपल्या कुठल्याही एज्युकेशन सोसायटीत उद्या घडू शकते, काही ठिकाणी घडतेही आहे.

हे ‘लिबरल आर्ट्स कॉलेज’ म्हणजे आपल्याकडची आर्ट्स साइड नव्हे. चार वर्षांची पदवी, काही शेपासून दोनेक हजारांपर्यंत विद्यार्थी, लहान वर्ग, बहुतेक जण कॅम्पसवरच राहणारे. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान यांच्या जोडीला गणित, जीवशास्त्र, अर्थशास्त्र. संस्था खासगी, पण नफ्यासाठी चालवलेली नाही. आपल्या अनुदानित कॉलेजांत प्राध्यापकांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो, तशी सोय तिथे नाही. फी, देणग्या आणि साठवलेल्या निधीचं उत्पन्न, एवढ्यावर सगळा गाडा.

हा गाडा बऱ्याच ठिकाणी रुतलाय. व्हरमाँट हे छोटंसं राज्य, तिथे २०१९ च्या एकाच वसंतात ग्रीन माउंटन, सदर्न व्हरमाँट आणि सेंट जोसेफ अशी तीन कॉलेजं बंद झाली. पुढच्या वर्षी तिथलंच मार्लबरो कॉलेज बोस्टनच्या इमर्सन कॉलेजात विलीन झालं. कॅलिफोर्नियातलं मिल्स हे महिला कॉलेज २०२२ मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठात गेलं. न्यूयॉर्क राज्यातल्या वेल्स कॉलेजनं, स्थापना १८६८, एप्रिल २०२४ च्या अखेरीस सांगितलं की हे सत्र शेवटचं. फिलाडेल्फियातल्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सनं तर आठवड्याभराची नोटीस देऊन जून २०२४ मध्ये कुलूप लावलं.

यावर आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘बघा, आर्ट्सला काय भाव राहिलाय! पोरांनो, कोडिंग शिका.’ मी इंजिनिअर आहे, कोडिंगवरच माझं घर चालतं, तरीही हे निदान मला चुकीचं वाटतं. इतिहास-तत्त्वज्ञानाकडचा ओढा अमेरिकेतही कमी झालाय, हे खरं. पण मॅसॅच्युसेट्समधलं अॅमहर्स्ट आणि विल्यम्स ही कॉलेजं हेच विषय, याच पद्धतीनं, दोनेक हजार मुलांना शिकवतात. तिथे आलेल्या अर्जांपैकी बहुसंख्य नाकारले जातात. फरक अभ्यासक्रमात नाही. या दोघांकडे प्रत्येकी तीनशे कोटी डॉलरच्या वर कायम निधी आहे. मुद्दल शाबूत ठेवायचं आणि दरवर्षी साधारण चार-पाच टक्के खर्चायचे. एखाद्या वर्षी शंभर मुलं कमी आली तरी पगार थांबत नाही.

ज्यांच्याकडे असा निधी नाही, त्यांचं गणित वेगळं. अमेरिकेत जन्मदरानं २००७ मध्ये शिखर गाठलं, वर्षाला सुमारे ४३ लाख बाळं. नंतर मंदी आली आणि आकडा घसरत गेला. २००७ ची बाळं २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली, म्हणजे कॉलेजच्या दारात येणारी रांग आता लहान होत जाणार. हे सगळ्यांना पंधरा वर्षं आधी कळलेलं होतं. जन्मलेली मुलं मोजायला भविष्यवेत्ता लागत नाही. तरी कॉलेजांनी काय केलं? एकमेकांची मुलं ओढायला फीमध्ये सूट द्यायला सुरुवात केली. जाहीर फी मोठी ठेवायची आणि ‘स्कॉलरशिप’ म्हणून अर्धी परत द्यायची. सेलमध्ये आधी किंमत वाढवून मग खोडतात, तसंच. २०२३-२४ मध्ये खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाला येणाऱ्यांना मिळणारी ही सूट सरासरी ५६ टक्क्यांच्या आसपास पोहोचली होती. म्हणजे माहितीपत्रकात शंभर रुपये फी, हातात येणार चव्वेचाळीस, आणि खर्च मात्र शंभराच्या हिशेबानं वाढवलेला.

बर्मिंगहॅम-सदर्नमध्ये हे सगळं होतं आणि वर आणखी काही होतं. २००० नंतरच्या दशकात तिथे इमारती आणि कॅम्पस सजवण्यावर मोठा खर्च झाला, कर्ज झालं. २०१० मध्ये उघडकीला आलं की विद्यार्थी-मदतीच्या हिशेबात काही वर्षं चूक होत होती आणि कॉलेज आपल्या ऐपतीपेक्षा जास्त खर्च करत होतं. प्राध्यापक कमी केले, विषय बंद केले, निधीच्या मुद्दलाला हात लागला. २०१८ मध्ये जाहीर फी निम्म्यावर आणली. शेवटी सरकारकडे गेले. राज्यानं २०२३ मध्ये अडचणीतल्या कॉलेजांसाठी ३ कोटी डॉलरच्या कर्जाची योजना केली, पण राज्याच्या खजिनदारानं कॉलेजचा अर्ज फेटाळला. कोर्टात दाद मागूनही उपयोग झाला नाही. तोवर विद्यार्थी सातशेच्या आसपास उरले होते.

एकदा मुद्दल खायला सुरुवात झाली की पुढचं वर्ष आणखी कठीण जातं, कारण उत्पन्न देणारी रक्कमच आटलेली असते. आमच्या धंद्यात सगळी यंत्रणा एका सर्व्हरवर टेकवणाऱ्याला वेड्यात काढतात. या कॉलेजांनी सगळं दरवर्षीच्या प्रवेशाच्या आकड्यावर टेकवलं होतं.

उलट उदाहरणही सांगायला हवं. व्हर्जिनियातलं स्वीट ब्रायर हे महिला कॉलेज. इंडियाना फ्लेचर विल्यम्स या बाईंची मुलगी लहान वयात वारली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी मृत्युपत्रात आपली जमीन-जायदाद मुलींच्या शिक्षणासाठी लिहून दिली आणि १९०१ मध्ये संस्था उभी राहिली. (ती जायदाद गुलामांच्या श्रमावर उभी होती आणि मृत्युपत्रात फक्त गोऱ्या मुलींना प्रवेश होता. ती अट १९६० च्या दशकात कोर्टातून निघाली. हेही लक्षात असू द्या.) मार्च २०१५ मध्ये संचालक मंडळानं अचानक जाहीर केलं की कॉलेज उन्हाळ्यात बंद होईल. तेव्हा निधी सुमारे ८.४ कोटी डॉलर होता, पण त्यातला बराचसा दात्यांच्या अटींनी बांधलेला होता.

माजी विद्यार्थिनी खवळल्या. त्यांनी संघटना काढली, पैसे गोळा केले, वकील लावले. त्यांच्या बाजूचा युक्तिवाद असा होता की हे कॉलेज मृत्युपत्रानं निर्माण झालेला ट्रस्ट आहे, संचालकांची खासगी मालमत्ता नाही, तेव्हा मनात आलं म्हणून ते बंद करता येणार नाही. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जूनमध्ये समझोता झाला. माजी विद्यार्थिनींनी १.२ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, निधीतल्या १.६ कोटींवरची बंधनं सैल झाली, जुनं मंडळ बहुतांशी गेलं. कॉलेज त्या वर्षी बंद झालं नाही.

दात्याची अट, कायमची मालमत्ता, तिच्या उत्पन्नातून शिक्षण, आणि सांभाळणारा मालक नव्हे तर राखणदार. हे वर्णन वाचताना ‘वक्फ’, ‘वाकिफ’, ‘मुतवल्ली’ हे शब्द डोक्यात आले नाहीत तरच नवल. बगदादची निजामिया १०६७ मध्ये सुरू झाली ती वक्फच्या उत्पन्नावर. त्यातून शिक्षकांचे पगार निघायचे, विद्यार्थ्यांची सोय व्हायची. जॉर्ज मकदिसी या इतिहासकारानं १९८१ साली ‘द राइज ऑफ कॉलेजेस’ या पुस्तकात वक्फवरचे मदरसे आणि युरोपातली जुनी कॉलेजं यांच्या रचनेतलं साम्य मांडलं. त्यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि ‘सगळं आमच्याकडूनच गेलं’ असा ढोल वाजवण्यात मला रस नाही. मला एवढंच विचारायचंय की जी गोष्ट आपल्या परंपरेत होती, ती आज आपण कशी वापरतो?

आपल्याकडे वक्फ म्हटलं की जमीन, अतिक्रमण, खटले आणि कायदादुरुस्ती. हे प्रश्न गंभीर आहेतच. पण नव्यानं काही वक्फ करण्याबद्दल कोणी बोलत नाही. वक्फ फक्त जमिनीचाच असतो असंही नाही. उस्मानी साम्राज्यात रोख रकमेचे वक्फ होते, त्यावर सोळाव्या शतकात उलेमांमध्ये कडाक्याची चर्चा झाली आणि ते चालू राहिले. आपल्या १९९५ च्या कायद्यातल्या व्याख्येतही स्थावराबरोबर जंगम मालमत्ता आहे. ते नको तर साध्या पब्लिक ट्रस्टचा कॉर्पस चालेल.

अडचण कायद्यापेक्षा आपल्या सवयीत जास्त आहे. सोसायटीच्या नव्या मजल्यासाठी आवाहन करा, जुम्याच्या नमाजनंतर झोळी भरते, कारण मजला दिसतो आणि दाराशी संगमरवरी पाटी लागते. ‘मानसशास्त्राच्या लेक्चररचा दहा वर्षांचा पगार’ यासाठी आवाहन केलेलं मी कधी ऐकलं नाही. मग इमारत चार मजली होते आणि आत तासिका तत्त्वावरचे शिक्षक तुटपुंज्या पैशांत राबतात.

याचा शेवट कसा होतो, ते महाराष्ट्रानं इंजिनिअरिंगमध्ये पाहिलंय. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, गावोगाव कॅम्पस झाले, आणि जागा रिकाम्या राहू लागल्यावर गेल्या दशकात अनेकांनी शाखा बंद केल्या, काहींनी कॉलेजच बंद केलं. तिथे आर्ट्स नव्हतं, सगळं ‘स्कोप’ असलेलंच होतं. आणि सरकारी मदतीवर तरी किती विसंबणार? अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप केंद्रानं २०२२ मध्ये बंद केलीच की.

कॉलेज बंद पडल्यावर मुलांचं काय होतं, हे अमेरिकेत मोजलं गेलंय. २००४ ते २०२० या काळात बंद झालेल्या संस्थांमधल्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून कमी जणांनी पुढे दुसरीकडे प्रवेश घेतला. त्यात नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था पुष्कळ होत्या, तरी आकडा बोलका आहे. आता आपल्या तालुक्याचा विचार करा. गावातलं कॉलेज बंद झालं तर मुलगा एसटीनं जिल्ह्याच्या ठिकाणी जाईल. मुलीच्या बाबतीत अनेक घरांत त्याच आठवड्यात स्थळं बघायला सुरुवात होईल.

मुस्लिमांनी असं कॉलेज उभं करूच नये, असा याचा अर्थ नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत २००९ मध्ये झैतुना कॉलेज सुरू झालं आणि २०१५ मध्ये मान्यता मिळालेलं अमेरिकेतलं ते पहिलं मुस्लिम लिबरल आर्ट्स कॉलेज ठरलं. ते लहान आहे, देणग्यांवर चालतं, म्हणजे वर सांगितलेले सगळे धोके त्यालाही आहेत. त्याच्या वैचारिक दिशेबद्दल माझे मतभेद आहेत. पण फिक्ह आणि तर्कशास्त्र एका छताखाली शिकवायचं धाडस मला आवडतं, आणि आपल्याकडे कोणी ते करणार असेल तर पहिला चंदा निधीसाठी काढावा, वीट नंतर.

जे अमेरिकेत पदवीला जायचा विचार करताहेत, त्यांच्यासाठी कामाची गोष्ट. तिथल्या बहुतेक ना-नफा कॉलेजांना दरवर्षी ‘फॉर्म ९९०’ भरावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. प्रोपब्लिका या संस्थेच्या साइटवर फुकट बघता येतो. मोठी स्कॉलरशिप देणाऱ्या अनोळखी छोट्या कॉलेजाचा फॉर्म उघडा: सलग तीन-चार वर्षं तोटा आहे का, विद्यार्थी घटताहेत का. कॉलेज मध्येच बंद झालं तर तिथल्या मुलापुढे फक्त बदलीचा प्रश्न असतो, तुमच्यापुढे व्हिसाचाही.

आणि जे इथेच आहेत, त्यांनी आपल्या गावातल्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत जावं. सभासद नसाल तर सभासद व्हा. ऑडिट केलेला ताळेबंद मागा आणि विचारा की उद्या एकही नवा प्रवेश झाला नाही तर शिक्षकांचे पगार किती महिने देता येतील. आधी थोडी चिडचिड होईल, ‘पोरासोरांना हिशेब कशाला’ असंही कोणी म्हणेल. तरी उत्तर महिन्यांच्या आकड्यातच घ्या.