कापू नका, खोला



आमच्या खळ्याच्या कडेला आंब्याखाली वडिलांचा बी-२७५ उभा आहे. दापोलीच्या आमच्या कुणग्यांत त्याला वळायला कधी धड जागा मिळाली नाही, आता नांगरटीला पॉवर टिलर आहे. पण त्याच्या ट्रॉलीतून आंब्याच्या पेट्या गेल्या, भाताची मळणी झाली. थोरला पुतण्या ऑस्ट्रेलियात असतो, तिथे त्याने थोडी जमीन घेतली आहे. तो म्हणतो, "काका, भंगारात घालू नका, मला कंटेनरने पाठवा." आमचे दादा म्हणतात, किलोवर विकून मोकळे व्हा. गेला महिनाभर घरात हाच विषय.

त्यात एक एजंट आला. म्हणाला, शेजारच्या गावातले दोन जुने ट्रॅक्टर आणि तुमचा एक, असे तीन वीस फुटीत बसवतो, भाडं तिघांत वाटून जाईल. कसे बसवणार? तर मडगार्ड, हिच, सायलेन्सर गॅसने कापायचे, तिकडे वेल्डिंग करून घ्यायचं. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवला. दादा अजून रागावलेले आहेत, कारण तिघांत भाडं खरंच कमी पडलं असतं.

माझं म्हणणं असं. कापलेला ट्रॅक्टर म्हणजे भंगारच, फक्त ते भाडं भरून परदेशी पाठवायचं. मागच्या ॲक्सलचं हाऊसिंग बिडाचं आहे. शेजारी गॅस चालवताना जाळ तिथे लागला तर तडा जातो, आणि बिडाचं वेल्डिंग येरागबाळ्याचं काम नाही. उलट हे मशीन खोलायला सोपं. मूळ मॉडेल इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचं. आपल्याकडे महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासबरोबर कंपनी काढून ते कांदिवलीला बनवलं. पाने-हातोडीवर गावातच दुरुस्त होत आलंय. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने नट धरून बसलेत एवढंच. रोज संध्याकाळी डिझेल सोडायचं, आठवड्याने पाना लावायचा. घाई केली की बोल्ट तुटतो.

आता जागेचा हिशेब. वीस फुटी कंटेनर आतून साधारण १९ फूट ४ इंच लांब, ७ फूट ८ इंच रुंद. दाराची उंची साडेसात फुटांच्या जरा आत. वजनाची काळजी नको, २५ टनांच्या वर माल चालतो आणि आपला ट्रॅक्टर दोन टनांच्या आतबाहेर. अडचण सगळी लांबीची. मी टेप लावला. मागची चाकं आणि हिच धरून दहा फुटांच्या वर जातो, तीच काढली की साडेनऊच्या आत येतो. म्हणजे दोन ट्रॅक्टर एकामागे एक बसतात, चाकं भिंतीला उभी लावायची. चाकं काढल्यावर खाली लोखंडी चॅनलची घसरपट्टी हवी. टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर आधी सोडा. बांधताना साखळी ॲक्सलला घाला, टायरवरून नको. टायर दबतो नि साखळी ढिली होते. कंटेनरचा ट्रेलर आमच्या पाखाडीत येणार नाहीच, म्हणजे टेम्पोने न्हावाशेवाकडच्या यार्डात नेऊन तिथे भरायचा.

तीनच बसवायचे तर मोठा, चाळीस फुटी घ्या. आणखी एक मालक शोधा. पण कापू नका.

ऑस्ट्रेलियाच्या दोन गोष्टी एजंटने सांगितल्या नव्हत्या, पुतण्याने विचारून काढल्या. एक, माती. जुन्या मशीनला परवाना लागतो आणि त्यावर मातीचा कण, गवताचं बी काही चालत नाही. आपली तांबडी माती ग्रीसमध्ये मुरून बसलेली. ती धुवायची तर खोलावंच लागतं, कापून ती निघत नाही. दोन, ॲस्बेस्टॉस. तिथे ३१ डिसेंबर २००३ पासून पूर्ण बंदी आहे आणि जुन्या ब्रेक लायनिंग, क्लच प्लेट, गॅस्केटमध्ये ते असू शकतं. ते इथेच बदलायचं. सुटे भाग आपल्याकडे अजून मिळतात, हे एक बरं. टेकूच्या लाकडालाही प्रक्रिया केल्याचा कणसाच्या चित्राचा शिक्का लागतो. घरच्या आंब्याच्या फळ्या काढून ठेवल्या होत्या, त्या परत पडवीत गेल्या.

खर्च जास्त आहे, हे दादांचं खरं आहे. ट्रॅक्टरच्या किमतीपेक्षा भाडं जड जाईल. पण पैसे पुतण्या देतोय, आणि इथे ठेवला तर आमच्या पावसात आणखी पाच वर्षं काढील असं वाटत नाही. ज्याला चालवायचाय त्याच्याकडे जाऊ दे. चालता जाऊ दे, एवढीच माझी अट.

सध्या मडगार्ड उतरलेत. प्रत्येक बोल्ट कुठला ते कागदावर लिहून पिशवीत बांधलाय, फोटो पुतण्याला पाठवलेत. डाव्या चाकाचे दोन नट अजून हलत नाहीत. धुण्याचं काम भातकापणीनंतर, ऊन पडल्यावर. कोणी आपला जुना ट्रॅक्टर न कापता पाठवला असेल तर धुताना काय वापरलंत तेवढं कळवा.