बाहुला आणि बंद खोका

मागच्या हिवाळ्यात अकोल्यात एका मित्राच्या घरी आम्ही सहासात संग्राहक जमलो होतो. मार्व्हल आणि डीसी ह्या दोन घराण्यांतल्या अतिमानवांच्या मूर्ती जमवणारी ही मंडळी. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, केवळ हौस. प्रत्येकाने आपापला ऐवज मांडला. बहुतेकांचा ऐवज खोक्यात होता, खोक्याचे सील शाबूत होते, आणि खोका हाताळताना बोटांचे ठसे उमटू नयेत ह्याची काळजी घेतली जात होती. अमरावतीहून आलेला एक विशीतला मुलगा मात्र कापडी पिशवीतून सुटेच बाहुले काढू लागला. त्यांत एक स्पायडरमॅन होता. हिरवा. अंग पोकळ, छातीवर कोळ्याच्या जागी वटवाघूळ, उजवा हात उघडच दुसऱ्या कुणाचा तरी. वडिलांनी बहिरमच्या यात्रेतून आणला होता, असे तो म्हणाला. क्षणभर शांतता झाली आणि मग हशा. आमच्यातल्या एका जाणत्याने त्याला सल्ला दिला की असला नकली माल आधी घराबाहेर काढ, संग्रहाची पत जाते. मुलगा ओशाळला. बाहुला पिशवीत परत गेला.

प्रस्तुत लेखक त्या हशात सामील होता, हे आधीच कबूल केलेले बरे. हा लेख त्या हशाविरुद्ध आहे, म्हणजे काही अंशी स्वतःविरुद्धही.

प्रथम शब्दाविषयी. ‘ॲक्शन फिगर’ हे नाव मुळात एका संकोचातून जन्मले आहे. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो हा सैनिक अमेरिकेच्या बाजारात आणला, तेव्हा कुठलाही बाप आपल्या मुलाला ‘डॉल’ विकत घेऊन देणार नाही, ही कंपनीची धास्ती होती. म्हणून बाहुलीला बाहुली न म्हणण्यासाठी नवे मर्दानी नाव शोधण्यात आले. न्यायालयांना ह्या मर्दानगीचे कौतुक नव्हते. आयातशुल्काच्या वादात १९८९ साली जी. आय. जो ही बाहुलीच ठरली. पुढे २००३ साली टॉय बिझ ह्या कंपनीने नेमका उलटा खटला जिंकला. तिथे बाहुलीवर १२ टक्के आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के शुल्क होते. तेव्हा एक्स-मेन वगैरे मंडळी माणसेच नव्हेत, सबब त्या बाहुल्या नव्हेत, असा युक्तिवाद झाला आणि न्यायालयाने तो मान्य केला. ‘आम्हीही माणसेच आहोत’ हे ओरडून सांगण्यात ज्यांची सगळी कथा खर्ची पडली, त्यांचे माणूसपण पाच टक्क्यांसाठी काढून घेतले गेले.

मराठीला ही कसरत करण्याचे कारण नव्हते. आपल्याकडे बाहुली आहे तसा बाहुलाही आहे. भातुकलीत त्याचे लग्न लागते, वरात निघते, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पाय निखळला तरी कुणी त्याची किंमत कमी करत नाही. ‘बाहुला’ म्हटले की तो माणसाच्या रूपाचा आहे आणि हातात घेण्यासाठी आहे, ह्या दोन्ही गोष्टी एका शब्दात येतात. तरीही आम्ही संग्राहक हा शब्द टाळतो. का टाळतो, तेही उघड आहे. घरातली एखादी आत्या विचारते, ‘बाहुल्या खेळाचं वय राह्यलं काय बाप्पा तुह्यं?’ त्यावर आमच्याकडे एक ठरलेले उत्तर आहे: हे खेळणे नाही, ही गुंतवणूक आहे. आत्या गप्प होते. पैशाचे नाव काढले की आपल्याकडे आत्याच काय, समीक्षकही गप्प होतात. माझ्या मते बिघाड सुरू होतो तो ह्या उत्तरापासून. खेळाची लाज वाटली म्हणून आम्ही खेळाला ठेवपावती केले, आणि ठेवपावती मोडायची नसते म्हणून खोका उघडायचा नाही, असा दंडक आला.

हा दंडक परका आहे, आणि तो कुठल्या परिस्थितीत तयार झाला हे पाहिले पाहिजे. वस्तू न उघडता ठेवणे ज्या समाजाला परवडते, तिथे वस्तू मुबलक असतात. एक खेळायला, एक ठेवायला. अमेरिकेत आज बंद खोक्याला शंभरापैकी गुण देऊन तो पारदर्शक पेटीत कायमचा बंद करून देणारे धंदे आहेत. आतल्या बाहुल्याला हात लावण्याची शक्यताच तिथे संपते. वऱ्हाडात मात्र बाहुला दुर्मीळ होता तो पुरवठ्याच्याच पायी.

ह्या पुरवठ्याचे गणित थोडे सांगतो. कंपनी बाहुले सुटे विकत नाही, पेटीने विकते, आणि पेटीत कोणता बाहुला किती हे कंपनी ठरवते. नायक जास्त, खलनायक कमी, दुय्यम पात्र एखादेच. मुंबईतला दुकानदार दहा पेट्या उचलतो, त्याच्याकडे सगळी जमात येते. अकोल्याच्या गांधी रोडवरचा किंवा अमरावतीच्या जवाहर गेटातला दुकानदार एखादी पेटी उचलणार, तीही वाटेत कुणी चाळलेली. परिणाम असा की आमच्या लहानपणी नायक यायचा, खलनायक येत नसे. शत्रू नसलेली युद्धे आम्ही वर्षानुवर्षे लढलो. मग बहिणीची मान तुटलेली बाहुली, औषधाच्या बाटलीचे बूच, गणपतीच्या आराशीतला मावळा, असे कुणीही शत्रुपक्षात भरती होई. ह्या भरतीत जी कल्पनाशक्ती खर्च झाली, ती सील न फोडलेल्या खोक्यासमोर बसून कुणाला लाभेल असे वाटत नाही.

दुसरा पुरवठा यात्रेचा. चांदूर बाजार तालुक्यातली बहिरमची यात्रा डिसेंबरच्या अखेरीस सुरू होते आणि महिनाभर चालते. तोवर पहिल्या वेच्यांचा कापूस विकलेला असतो, चुकारा हातात आलेला किंवा येऊ घातलेला असतो. वर्षातून एकदाच घरात सुटा पैसा खेळतो तो ह्या दिवसांत, आणि खेळण्यांच्या दुकानांची रांग लागते तीही ह्याच दिवसांत. तिथला बाहुला दिल्लीच्या सदर बाजारासारख्या ठोक बाजारातून आलेला, मूळ बाहुल्यावरून साचा आणि त्या साच्यातल्या बाहुल्यावरून पुन्हा साचा, अशा तिसऱ्या-चौथ्या पिढीचा. दर पिढीला तो अंमळ आखडतो, नाकडोळे पुसट होतात. रंग साच्याबरोबर येत नाही, तो कारखान्यात त्या दिवशी जो डबा उघडा असेल त्यावर ठरतो. कोळ्याच्या जागी वटवाघूळ का आले ह्याचे उत्तर असे साधे आहे. कारागिराने स्पायडरमॅन किंवा बॅटमॅन पाहिला असेलच असे नाही, त्याच्या हाती दोन साचे होते. आपल्या लोककथा अशाच प्रवास करतात, आणि तिथे आपण ह्या प्रकाराला पाठभेद म्हणून त्यावर प्रबंध लिहितो. बाहुल्याच्या बाबतीत त्यालाच नकली म्हणून हसतो.

नकलीचा तिरस्कार हे जाणकारीचे लक्षण मानणाऱ्यांनी गोव्याचे उदाहरण पाहावे. १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो ह्यांच्या भागीदारीतून फनस्कूल कंपनी उभी राहिली, आणि तिच्याकडून परवान्याचा जी. आय. जो निघू लागला. हा अधिकृत माल होता, तरी अमेरिकन मूळ मालाशी त्याचे रंग जुळत नसत. पँट वेगळ्या रंगाची, चेहऱ्यावरचे रंगकाम जाडेभरडे, हत्यारे दुसऱ्याची. आमच्या पिढीतल्या शहरी मुलांनी, ज्यांचे मामा अमेरिकेत होते, ह्या मालाला नाके मुरडली. पुढे अमेरिकेतल्या संग्राहकांनीच हे वेगळे रंग शोधून काढले, आपल्याकडच्या बाहुल्यांना तिकडून मागणी आली, आणि आता तेच रंग दाखवून इथे चढे भाव सांगितले जातात. ब्लो प्लास्ट समूहाच्या लिओने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅटेलच्या परवान्याने काढलेल्या ही-मॅनचीही गत अशीच आहे. म्हणजे आपल्या घरातली वस्तू मोलाची आहे हे आपल्याला तिकडून कळवावे लागते. हिरव्या स्पायडरमॅनचे पत्र अजून आलेले नाही, म्हणून तो हशाचा विषय.

इथे आमचे देशीवादी मित्र खूश होतील. त्यांचा आक्षेप सबंध प्रकरणालाच आहे: तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी सोडून हे परदेशी प्लॅस्टिक कशाला? त्यांना रोलाँ बार्थचाही आधार मिळेल. १९५७ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने प्लॅस्टिकच्या खेळण्यांना निर्जीव ठरवून लाकडाची थोरवी गायिली आहे. बार्थविषयी आदर राखून म्हणावे लागते की त्याने यात्रेतला बाहुला पाहिला नव्हता. हात निखळला की गरम सुईने भोक पाडून रबर ओवून तो परत बसवणारी मुले त्याच्या डोळ्यांसमोर नव्हती. आणि लाकडी नंदी आज बहुतेक घरांत वर्षातून एक दिवस सजतो व उरलेले दिवस कपाटावर बसतो. खेळला कोण जातो, ही कसोटी लावली तर वऱ्हाडातला देशी बाहुला कोणता, ह्याचे उत्तर देशीवाद्यांना आवडणार नाही. असो.

आता किमतीचा प्रश्न. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात आयात खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेले, २०२३ मध्ये ते ७० टक्के झाले. बंदरावर हजार रुपयांच्या ठरलेल्या बाहुल्यावर सातशे रुपये इथेच चढले, इतर कर आणि दलाली निराळी. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोची मुद्रा सक्तीची झाली. ह्या नियमामागचे कारण रास्त आहे. लेकरू जे तोंडात घालते त्यात शिसे असू नये, ह्यावर दुमत कसले? देशी उद्योगाला आधार मिळावा ह्यावरही माझा वाद नाही. माझा वाद संग्राहकांशी आहे. शुल्क वाढले तेव्हा आमच्या मंडळींत जाहीरपणे हळहळ झाली आणि खाजगीत समाधान. आता नवा माल महागणार, म्हणजे कपाटातल्या खोक्यांचे भाव चढणार! ज्या दिवशी एखाद्या मुलाला बाहुला परवडेनासा झाला ह्याचा आपल्याला आनंद झाला, त्या दिवशी आपण संग्राहक उरलो नाही, साठेबाज झालो. कापसाच्या मुलखातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागू नये.

एक व्यावहारिक बाबही आहे, आणि तिच्याविषयी आमच्यात चमत्कारिक मौन आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. मऊ प्लॅस्टिकमध्ये मिसळलेले तेलकट द्रव्य उष्णतेने पृष्ठभागावर येते. बंद खोक्यात त्याला वाट नसते, तेव्हा बाहुला चिकट होतो. गुडघे मऊ पडून तो एका बाजूला कलतो, रंगवलेले सांधे एकमेकांना धरून बसतात, समोरचे पारदर्शक आवरण पिवळे पडते. माझ्याकडे दोन खोके होते, सात वर्षे सील न फोडता ठेवलेले. गेल्या उन्हाळ्यात एक उघडला. वुल्व्हरिनची पोटरी वळवायला गेलो ती हातात आली. न खेळता मोडलेला हा माझ्या आयुष्यातला पहिला बाहुला. ह्याउलट यात्रेतला पोकळ बाहुला, ज्यात मऊपणासाठी काही मिसळण्याइतका खर्चच कुणी केला नव्हता, तीस उन्हाळे काढून तसाच्या तसा.

तसाच्या तसा, पण किती दिवस? यात्रेतले बाहुले कुणी जपलेले नाहीत. घरे पाडून सदनिका होत आहेत, माळे रिकामे होत आहेत, आणि माळ्यावरचे प्लॅस्टिक भंगारवाल्याकडे किलोने जाते. त्यांची सूची नाही, छायाचित्रे नाहीत, कुठल्या वर्षी कुठला साचा वऱ्हाडात आला ह्याची नोंद नाही. स्टार वॉर्सच्या १९७८ च्या बाहुल्यांची एकेका बटणापर्यंत माहिती असलेले माझे मित्र, आपल्याच जिल्ह्याच्या यात्रेत १९९७ नंतर, दूरदर्शनवर शक्तिमान सुरू झाल्यावर, कोणते बाहुले विकायला आले हे सांगू शकत नाहीत. जे काम जगात दुसरे कुणीही करणार नाही, ते आम्ही सोडले आहे, आणि जे हजारो लोक आमच्याहून चांगले करत आहेत, त्याची नक्कल करतो आहोत. नकली संग्रह म्हणायचाच असेल तर तो हा.

त्या बैठकीनंतर दोन महिन्यांनी मी त्या मुलाला गाठायला अमरावतीला गेलो. तो हसला नाही की रागावलाही नाही. बाहुला अजून त्याच पिशवीत होता. आम्ही राजकमल चौकात चहा घेतला आणि एका कोऱ्या वहीत पहिली नोंद केली: स्पायडरमॅन, हिरवा, पोकळ, उंची सव्वासात इंच, छातीवर वटवाघूळ, बहिरमची यात्रा. वर्षासाठी त्याने वडिलांना फोन लावला. त्यांना वर्ष सांगता येईना, पण त्या साली कापसाला काय भाव मिळाला होता ते पक्के आठवत होते, आणि बाहुला पंधराला सांगून बाराला दिला होता, हेही. भाव तसाच लिहून ठेवला आहे. त्यावरून वर्ष काढता येईल. उजवा हात कुणाचा, ह्या रकान्यात अजून काही लिहिलेले नाही.